अंधार मांडायचा, पण दिवटी कोणाच्या हाती?

किल्ल्याच्या तटावर किंवा नदीच्या घाटावर रात्री रंगीत झोत सोडायचे, ध्वनिवर्धकातून इतिहास ऐकवायचा आणि त्यास ‘ध्वनिप्रकाश खेळ’ म्हणायचे, ही रीत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. फ्रान्समधील शांबोरच्या राजवाड्यावर 1952 साली अशा खेळाचा आरंभ झाला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर तो 1965 मध्ये आला आणि पुढे देशभर पसरला. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा त्याच्याशी संबंध येतो तो संहितेपुरता. कोणी संयोजक येतात, “सर, चाळीस मिनिटांचं भारदस्त निवेदन हवंय” असे सांगतात, आणि आपण भाषेतील सारी तत्सम संपत्ती खर्चून ते लिहून देतो. आम्ही दोघांनीही, म्हणजे साताऱ्यात शिकविणाऱ्या एकीने आणि सांगलीत शिकविणाऱ्या एकाने, अशी निवेदने लिहिली आहेत. त्यामुळे पुढे जी टीका येईल तिच्यात आमचाही वाटा आहे, हे आधीच मान्य करून टाकतो.

या खेळांविषयीची आमची तक्रार ते भडक असतात ही नाही. भडकपणा मराठी रंगभूमीला परका कधीच नव्हता. तक्रार अशी की, या खेळांना अंधाराची गरज असते, पण अंधारावर विश्वास नसतो. दोन झोतांमधला काळोख क्षणभर रेंगाळला की निवेदकाचा खर्जातला आवाज येतो आणि काय वाटून घ्यायचे ते सांगून जातो. शिवाय उजेड कोठून येतो, कोण टाकतो, हे प्रेक्षकाला कळत नाही. कळू नये अशीच योजना असते. हा दुसरा मुद्दा आम्हांला प्रारंभी सुचलाच नव्हता. तो एका विद्यार्थिनीने सुचविला, आणि ती हकिगत सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 साली याच दिवशी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, म्हणून हा मान. दरवर्षी या निमित्ताने महाविद्यालयांत व्याख्याने होतात, आणि विद्यार्थी ती किती मन लावून ऐकतात हे वाचकांस सांगायला नको. एका वर्षी आम्ही ठरविले की व्याख्यान नको. दोन्ही गावांतील मुले मिळून एक मांडणशिल्प उभे करायचे. विषय ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकातली रात्र. मूळ नाटक शूद्रकाचे, पण त्याला मराठी संगीत नाटकाचे रूप दिले ते गोविंद बल्लाळ देवलांनी, आणि देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. म्हणजे विषयही घरचाच.

या अंकाची मौज अशी की, तो संपूर्ण अंधारावर उभा आहे आणि तरीही तो अंधारात खेळायचा नाही. रस्त्यावर काळोख दाटला आहे. शकार, विट आणि चेट वसंतसेनेच्या मागे लागले आहेत. आणि हे सारे उजेडात बसलेल्या प्रेक्षकांनी मानून घ्यायचे आहे. शूद्रक अंधार रचतो तो शब्दांनी, गंधाने आणि नादाने. विट मनातून वसंतसेनेच्या बाजूचा. तो वर वर शकाराला साथ देत तिला आडून सुचवितो की काळोखात तू दिसणार नाहीस, पण माळेचा सुगंध आणि पायांतील नूपुरे तुझा ठाव सांगतील. ती इशारा ओळखते, माळ आणि नूपुरे उतरवून भिंत चाचपत पुढे सरकते. तिकडे चारुदत्ताच्या घरातून मैत्रेय आणि दासी रदनिका दिवा घेऊन बाहेर पडायला येतात. वसंतसेना पदराच्या वाऱ्याने दिवा मालवते आणि आत शिरते. पुढे तिसऱ्या अंकात शर्विलक भिंत फोडून आत येतो तेव्हा तोही दिवा विझवितो, पण त्यासाठी त्याच्याजवळ खास पाळलेला किडा आहे. दिवा विझविण्याच्या इतक्या तऱ्हा आपल्या नाटककारांपैकी दुसऱ्या कोणाला सुचल्या असतील असे वाटत नाही.

आम्ही म्हटले, शूद्रकाने जे उजेडात घडविले ते आपण खऱ्याच काळोखात घडवू. प्रेक्षक तीस-तीसच्या तुकडीने एका बंद दालनात येतील, रांगांतून नव्हे तर दालनभर विखरून बसतील, आणि पाठलाग त्यांच्या अवतीभवती होईल. झोत नाहीत, पडदा नाही, निवेदन तर नाहीच.

काळोख करणे किती कठीण असते हे त्या चार दिवसांत कळले. खिडक्यांना काळे कापड लावले, कापडामागे वर्तमानपत्रे डकवली, दाराखालच्या फटीत सतरंजी सारली. दिवे घालवून बसलो तर पहिल्या पाच मिनिटांत सारे काळे वाटले. दहा मिनिटांनी इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका दिसू लागला, मग अॅम्प्लिफायरचा तांबडा, मग पंख्याच्या बटणाजवळचा नारिंगी, आणि अखेरीस मालवलेल्या ट्यूबलाइटची नळीसुद्धा अंधुक पांढरी दिसते आहे असे ध्यानात आले. डोळ्यांचा हा स्वभावच आहे. उजेड गेल्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत आपली मर्यादा गाठतात; मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पुरते जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एवढ्या कष्टाने मिळविलेली ही दृष्टी कोणीतरी भ्रमणध्वनीत वेळ पाहिली की क्षणात जाते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जेम्स टरेल या अमेरिकन कलावंताची जपानच्या नाओशिमा बेटावर 1999 पासून असलेली एक कलाकृती याच स्वभावावर उभी आहे. प्रेक्षक मिट्ट काळोखात जाऊन बसतात, काही मिनिटे काहीच दिसत नाही, आणि मग समोर एक फिकट उजेड जाणवू लागतो, जो पहिल्यापासून तेथेच होता. उजेड वाढलेला नसतो, डोळे तयार झालेले असतात. काव्याच्या आस्वादाविषयी वर्गात आपण जे तासभर सांगतो ते हा माणूस एका खोलीत करून दाखवितो. थोडा हेवा वाटला हे लपवीत नाही.

तर आम्ही सर्व ठिपक्यांवर काळी चिकटपट्टी लावली. दारावरच्या ‘बाहेर’ या हिरव्या पाटीवरही लावली, आणि त्याच संध्याकाळी ती काढली. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात 59 माणसे गेली; धूर भरलेल्या अंधारात बाहेर पडायचे दार न दिसणे हेही त्यामागील कारणांपैकी एक. कलेपायी ती पाटी झाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. दालनात तेवढा एक हिरवा चौकोन राहिला.

ध्वनीचे काम त्या मानाने लवकर जमले. नूपुरांचा आवाज आधी मुद्रित करून चार कोपऱ्यांतील चार ध्वनिवर्धकांतून फिरवला, तो पोकळ वाटला. मग एक मुलगी पायांत चाळ बांधून खरोखरच बसलेल्यांच्या मधून गेली, आणि सारे दालन श्वास रोखून बसले. सांगलीच्या मुलांनी मिरजेचा तंबोरा आणला होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने न कळणारी गोष्ट त्या दालनात कळली. वाजविणारा दिसत नसला की तंबोऱ्याचा नाद भोपळ्यातून येत नाही, भिंतींतून येतो. भरताने नाट्यमंडप पर्वतातील गुहेसारखा असावा, त्याला लहान वातायने असावीत, वारा आत खेळू नये म्हणजे आवाज गंभीर उमटेल, असे का सांगितले असेल, हे नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय वर्षानुवर्षे शिकवूनही आमच्या कानांना तोवर कळले नव्हते.

रंगीत तालमीनंतर सारे खूश होते. मुलांनी एकमेकांची पाठ थोपटली. आणि मग एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, सगळं छान आहे. पण रदनिकेचं काय?”

ज्यांस अंक पाठ आहे त्यांस आठवेल. दिवा मालवल्यावर शकार अंधारात चाचपडत प्रथम विटाला पकडतो, मग चेटाला पकडतो, प्रेक्षक हसतात. आणि मग त्याच्या हाती लागते ती रदनिका. वसंतसेना समजून तो तिचे केस धरतो. मैत्रेय धावतो, काठी उगारतो, विट गयावया करतो, आणि प्रकरण मिटते. मिटते म्हणजे कसे, तर चारुदत्ताला हे कळू द्यायचे नाही, त्याला दुःख होईल, असे मैत्रेय तिलाच बजावतो आणि ती मान डोलावते. पुढे चारुदत्तही काळोखात वसंतसेनेला रदनिकाच समजतो आणि मुलाला आत ने म्हणून तिला आज्ञा करतो. त्या चुकीतून प्रेमकथा फुलते. पहिल्या चुकीचे पुढे कोणी नाव काढीत नाही. आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक वर्षे हे नाटक शिकविले असेल. ‘अंधाराचा नाट्यपूर्ण उपयोग’ या प्रश्नाचे उत्तर लिहून देताना रदनिकेचा उल्लेख आम्ही गमतीचा प्रसंग म्हणून करीत आलो.

ती पुढे जे म्हणाली ते अधिक अवघड होते. “तुम्ही म्हणता अंधारात बसा, कान उघडतात. आमचे कान अंधारात उघडेच असतात. मी अर्धा तास बसले त्यात नूपुरं ऐकली नाहीत, शेजारचा किती जवळ आहे ते ऐकत होते.” आणखी दोघी-तिघींनी मान डोलावली. मुलगे गप्प झाले. आमच्यातील एकीला हे सांगावे लागायला नको होते, पण तिलाही दालनाच्या कल्पनेने इतके भारून टाकले होते की एस.टी.तून रात्री उतरल्यावर कोपऱ्यावरचा दिवा गेलेला असला की आपण पावले कशी टाकतो, हे ती विसरली होती.

अंधाराचे कौतुक करणारा माणूस बहुधा बटणाच्या बाजूचा असतो. या जिल्ह्यांत हे अधिक जाणवायला हवे. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर 1960 मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, त्याला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. आणि तरीही दोन हजारच्या दशकात भारनियमनात मेणबत्तीवर अभ्यास केलेली पिढी याच भागात आज पालक झालेली आहे. त्यांच्यासाठी काळोख ही अनुभूती नव्हती, लादलेली गोष्ट होती. उलट उदाहरणही येथलेच. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या 15 ऑगस्टपासून एक प्रथा सुरू केली: संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद होतात. हाही एक प्रकारचा काळोखच, पडद्यांचा. पण तो गावाने ठरवून पत्करलेला. दोन्हींत फरक संमतीचा आहे, आणि आमच्या दालनात आम्ही ती कोणाकडे मागितलीच नव्हती.

सुचवायला सोपा उपाय होता तो प्राचार्यांनी सुचविलाच: मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला, आणि मंद दिवा. तो आम्हांला पटला नाही. मंद दिवा म्हणजे ना शूद्रक ना टरेल. मग प्रश्न उरतो, काळोखही राहील आणि बसलेल्याचा त्यावर अधिकारही राहील, असे काही करता येते का? उत्तर पुस्तकात नव्हते. साताऱ्याच्या मुलांपैकी एकाच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता, तेथे ते मिळाले.

गोंधळ आपण लोकसाहित्याच्या पेपरात शिकवितो तो आख्यानापुरता. संबळ, तुणतुणे, झांज यांची नावे सांगतो. दिवटीचे नावही घेतो, पण एक साधन म्हणून. तेथे जाऊन पाहिले तर दिवटी हे साधन नसून खेळातले एक माणूस आहे. अंगणात रात्र असते, चौक मांडलेला असतो, आणि त्या साऱ्या काळोखात एक उजेड हातात धरलेला, हलता, तेल मागणारा असतो. तो धरणाऱ्याचा चेहरा त्याच उजेडात सर्वांना दिसतो. खंडोबाच्या जागरणातही दिवटी आणि तिच्याबरोबर तेलाची बुधली असतेच. कऱ्हाडजवळच्या पालीला ज्यांचे कुलदैवत आहे त्यांना हे सांगायला नको. उजेड कोठून आला, किती वेळ टिकेल, कोण आणतो आहे, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. लहान मूल घाबरले की दिवटी त्याच्या बाजूला वळते. आम्ही ती वळताना पाहिली.

मग भाव्यांचे नाटकही वेगळे दिसू लागले. 1843 च्या त्या खेळाची चर्चा आपण पहिले नाटक कोणते या वादात संपवून टाकतो. कर्नाटकातील भागवत मंडळी 1842 मध्ये सांगलीत येऊन खेळ करून गेली, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तसेच पण अधिक नेटके काही करावे असे आपल्या पदरच्या विष्णुदासांस सांगितले, इथवर सर्वांस पाठ. पण त्या नाटकांचा उजेड कसा होता? मशाली आणि पलिते होते, राक्षस यायचा झाला की मशालीवर राळ टाकून भडका उडविला जाई. प्रेक्षक आणि पात्रे एकाच उजेडात असत. प्रेक्षागृह काळे करून रंगमंच तेवढा उजळायचा हा संकेत युरोपातही नंतरचा. व्हाग्नरने 1876 साली बायरॉइटला तो रूढ केला, आणि वाद्यवृंदही खड्ड्यात दडविला. भाव्यांचा सूत्रधार मात्र वादकांसह डोळ्यांसमोर उभा, पदे तोच म्हणणार. आणि या नाटकांना पुढे लोकांनी जी टोपणनावे दिली ती दोन्ही नादाचीच: राक्षसांच्या आरोळीवरून ‘अलल्‌डुर्र’ आणि नाचाच्या बोलांवरून ‘तागडथोम’. नंतरच्या सुशिक्षितांनी ही नावे हेटाळणीने वापरली. आम्हांला वाटते, एखाद्या कलेची आठवण समाजाने तिच्या आवाजाने ठेवावी ही हेटाळणी नव्हे. ध्वनिप्रकाश खेळ म्हणायचाच तर तो हा होता, आणि त्यात आवाज काढणारा आणि उजेड धरणारा दोघेही दिसत होते.

प्रतापगडावर नवरात्रात जो मशाल महोत्सव होतो, त्याकडेही या अंगाने पाहावे. भवानीमातेच्या मंदिराला साडेतीनशे वर्षे झाली त्या निमित्ताने तो सुरू झाला, आणि मंदिराचे जितके वय तितक्या मशाली असा प्रघात पडला. त्याच गडावर उद्या कोणी लेझरचे झोत आणले तर ते या मशालींपेक्षा लांबून दिसतील यात शंका नाही. पण मशालीजवळ माणूस लागतो. ती विझू लागली तर कोणीतरी जवळ यावे लागते. लेझरला कोणी लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेझरच्या झोताने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी अलीकडच्या वर्षांत डॉक्टरांकडे गेल्या आहेत. त्या झोताकडे पाहणाऱ्याला तो कोणी रोखला हे विचारायला समोर चेहराच नव्हता, हे आम्हांला त्या इजेइतकेच गंभीर वाटते. (मशालीच्या धुराचे काय, असे पर्यावरणवाले मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्याजवळ त्याचे चांगले उत्तर नाही.)

तर दुसरा प्रयोग आम्ही दालनातून काढून महाविद्यालयाच्या मागील अंगणात नेला. काळ्या कापडांनी भरलेल्या बंद जागेत ज्योत नेणे शक्य नव्हतेच. अमावास्या जवळची रात्र निवडली, आवारातील दिवे शिपाईमामांना विनंती करून तासभर बंद ठेवले. काळोख दालनाइतका गर्द झाला नाही. लांबून साखर कारखान्याच्या दिव्यांची झाक येत होती आणि मध्येच ट्रॅक्टरचा टेप. पण दिवटीच्या धुरात उजेडाला अंग आले. अँथनी मॅकॉल या कलावंताने 1973 साली प्रोजेक्टरच्या झोतातून हवेत शंकू उभा केला होता, तो दिसायचा धुळीमुळे आणि प्रेक्षकांच्या सिगारेटच्या धुरामुळे. पुढे स्वच्छ कलादालनांत त्याच कृतीसाठी धुके सोडणारे यंत्र आणावे लागले. आमचे काम तेल आणि चिंधी यांवर भागले.

नियम एकच केला. बसलेल्यांपैकी कोणालाही, कोणत्याही क्षणी, कारण न देता “दिवटी” असे म्हणता येईल, आणि म्हटले की दिवटी धरणारी मुलगी तेथे येऊन उभी राहील. नाटक थांबणार नाही. हाक देणाऱ्याला कोणी विचारणार नाही.

पहिल्या तुकडीत हाक चार वेळा आली, त्यांतील दोन मुलग्यांच्या होत्या, आणि एक तर केवळ गंमत म्हणून. दुसऱ्या तुकडीत एकदाच. तिसऱ्या तुकडीत मुळीच नाही, आणि नूपुरे उतरविण्याच्या प्रसंगी जी शांतता पसरली तशी दालनातल्या काळोखात एकदाही पसरली नव्हती. याचा अर्थ लावायची घाई आम्ही केली नाही. तिसऱ्या तुकडीत बहुतेक आमचेच विद्यार्थी होते आणि त्यांना पुढे काय होणार ते माहीत होते. पण आमच्या सहकाऱ्यांपैकी जे म्हणत होते की हाकेची सोय ठेवली तर रसभंग होईल, प्रेक्षक दर दोन मिनिटांनी उजेड मागतील, त्यांचे म्हणणे तरी खरे ठरले नाही. दिवा मागता येतो हे ठाऊक असलेला माणूस काळोखात अधिक वेळ बसतो, एवढे आम्ही पाहिले. ध्वनिप्रकाश खेळांच्या संयोजकांना आम्ही आता हेच सुचवितो. निवेदनाची पाने निम्मी करा, झोत टाकणाऱ्या मुलाला यंत्रांच्या खोलीतून बाहेर आणा, आणि बसलेल्यांना एखादी हाक मारू द्या. अद्याप कोणी मानलेले नाही. एकाने तर विचारले की हाकेसाठी अॅप करता येईल का.

चौथ्या आणि शेवटच्या तुकडीला दिवटी धरायला ती रदनिकेचा प्रश्न विचारणारीच होती. तालमीत ठरले होते की रदनिकेचा प्रसंग पूर्ण काळोखात व्हायचा, केवळ आवाजांवर: शकाराचे खिदळणे, झटापट, कांकणे फुटल्याचा नाद, मग रदनिकेचा एकच उद्गार. कोणी हाक दिली नव्हती. तरी ती उठली, बसलेल्यांच्या मधून सरळ चालत गेली आणि दिवटी शकाराच्या हाताजवळ धरली. मुठीत लोकरीची वेणी होती, तिच्याखाली रदनिका झालेल्या मुलीचा चेहरा, आणि शकार झालेला आमचा गुणी विद्यार्थी उजेडात डोळे मिचकावीत, संवाद विसरून, हात सोडावा की धरून ठेवावा हे न कळून उभा. तंबोरा वाजविणाऱ्याने वाजविणे थांबविले. मैत्रेयाने काठी उगारायची होती तीही त्याने उगारली नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग रदनिकेनेच वेणी त्याच्या हातातून सोडवून घेतली.

नंतर चहा घेताना आमच्यात वाद झाला. सांगलीकराचे म्हणणे होते की त्या मुलीने संहिता मोडली, शिस्त म्हणून काही असते, आणि शूद्रकाने तो प्रसंग काळोखात ठेवला आहे तो विनाकारण नव्हे. सातारकरणीचे म्हणणे होते की दिवटी धरणाऱ्याला ती वळविण्याचा अधिकार असतो, आणि गोंधळात ते आपण दोघांनी मिळून पाहिले आहे. पुढच्या 5 नोव्हेंबरला प्रयोग पुन्हा करायचा आहे. त्या प्रसंगाचे काय करायचे यावर अद्याप आमचे एकमत झालेले नाही. ती मुलगी मात्र यंदा उत्तीर्ण होऊन गेली असली तरी येणार आहे, आणि दिवटी आपल्याकडेच राहील असे तिने आधीच कळविले आहे.